ज्याचा खड्डा त्याचा हात

मेस्त्री,

तुम्ही गेल्याचं मला कापड्याच्या उपकेंद्राच्या पायरीवर कळलं. लसीकरणाचा वार होता. पोरं रडत होती, आया त्यांना गप्प करत होत्या, आणि त्या गोंधळात वरच्या वाडीचा एकजण मांडीवर गोणपाटाची गुंडाळी घेऊन बसून होता. त्याचा नंबर आला तेव्हा त्याने गुंडाळी पुढे केली.

"बाय, महाडावरनं कोंबडा आनलाय. पन आता बसवायचा कोनी? मेस्त्री गेले ना परवा."

मी आधी हसले, मेस्त्री. खरं सांगते. टोचून घ्यायला आलेल्या माणसाने कोंबडा पुढे करावा याचं हसू आलं. त्याचं दुसरं वाक्य कानात शिरायला थोडा वेळ लागला. संडासाच्या भांड्याखालची ती वाकडी नळी, जिच्या मानेत पाणी अडून राहतं आणि खालचा वास वर येत नाही, तिला कोंबडा म्हणतात, हे मला तुम्हीच शिकवलंत. हात कोपरात वाकवून, मनगट खाली पाडून दाखवलं होतंत. "ही बघा मान, हे पोट. फक्त आरवत नाय." आणि ज्याने हे शिकवलं तो गेला हे मला एका कोंबड्याच्या निमित्ताने कळावं, याला तुम्ही असतात तर दिवसभर हसला असतात.

म्हणून हे लिहितेय ते रडत नाही. रडून झालं. आता तुमच्याशी बोलायचंय.

आपली पहिली भेट भांडणाची, आठवतंय? आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. मी अलिबागकडून नुकतीच बदलून कापड्याला आले होते. नर्स म्हटलं की माणसं नसबंदीच्या ऑपरेशनच्या धास्तीने अजूनही डोंगराकडे बघायची. वरच्या वाडीत मी पहिल्यांदा चढून गेले तर सगळे पुरुष अचानक गुरांमागे गेलेले, घरात नुसत्या बायका. त्या बायकांनीच मला झरा दाखवला. वाडीला तो एकच झरा. आणि झऱ्याच्या बरोबर वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळ्यांमागे, बायकांची बसायची जागा. चार महिने पाऊस वरचं सगळं धुऊन खाली झऱ्यात आणायचा, आणि श्रावण आला की घरोघर हगवण. आदल्याच श्रावणात कोंडिबाच्या सगुणाबाईंची धाकटी मुलगी तीन दिवसांत गेली होती. पाच वर्षांची. सगुणाबाईंनी मला ते सांगितलं तेव्हा त्या भाकरी थापत होत्या आणि त्यांचा हात थांबला नाही.

पोलादपूरच्या कचेरीतून मला एक नकाशा मिळाला होता. दोन खड्ड्यांचा संडास. सोबत सिमेंटचं एक भांडं. एक घर नमुन्यादाखल करून दाखवा, असा हुकूम. गवंडी मात्र मिळेना. कुणी म्हणाला वेळ नाही, कुणी म्हणाला देवळाचं काम धरलंय. शेवटी एकाने सांगितलं, दासगावला बौद्धवाडीत सोनू मेस्त्री आहेत, विहिरीचं सुकं बांधकाम त्यांच्यासारखं कुणाला जमत नाही.

तुम्ही अंगणात जातं टाकवत बसला होतात. मी नकाशा उघडला. तुम्ही छिन्नी खाली ठेवलीत, नकाशा बघितलात आणि परत छिन्नी उचललीत.

"बाई, माझ्या बापानं मेलेली ढोरं ओढायचं सोडलं. तळ्यावर जाऊन ओंजळभर पानी पिऊन आला, त्यापायी डोक्यात काठी खाल्ली. कशासाठी? तर पोरानं असल्या कामाला हात लावू नये म्हनून. आनि तुमी मला संडास बांधायला बोलवायला आलाव."

मी तावातावाने सांगायला लागले. हा टोपलीचा संडास नाही, यात कुणी काही वाहून नेत नाही. मातीत काडीने चित्रं काढली. हे भांडं, हा कोंबडा, इथून दोन वाटा. एका वेळी एकच खड्डा चालू, दुसऱ्याच्या तोंडाला बोळा. पहिला भरला की दुसऱ्याचा बोळा काढून पहिल्याला लावायचा आणि पहिल्याला वर्षभर गप्प झोपू द्यायचं. वर्षाने त्याची माती होते. नुसतं खत.

तुम्ही सगळं नीट ऐकून घेतलंत. मग एकच विचारलंत.

"वर्सानं तो खड्डा उपसायचा कोनी?"

"घरचे उपसतील. नाहीतर कोणीतरी माणूस लावतील."

"त्या कोनीतरीला मी वळखतो, बाई. तो आमच्याच वाडीत राहतो."

मी नकाशाची घडी घातली आणि यष्टीला निघाले. महाडच्या स्टँडवर पोलादपूरच्या गाडीची वाट बघताना मला तुमचा राग आला होता, आणि स्वतःचा त्याहून जास्त. शिक्षण माझं झालं होतं, पण तो प्रश्न मला सुचला नव्हता.

चौथ्या दिवशी तुम्ही पिशवीत थापी आणि ओळंबा घालून उपकेंद्रावर उभे. नमस्कार नाही, चहा नाही. "काम करतो. पन एक अट. ज्याचा खड्डा त्याचा हात. घरधन्यानं सोता उपसायचा. दुसऱ्या कुनाला बोलवायचं नाय. कबूल असंल तर भांडं उचला."

आपण दोघं वर गेलो. कोंडिबा अंगणात गुरांची दावी वळत बसले होते. तुम्ही त्यांना वाडीतल्या चार माणसांसमोर अट सांगितलीत. कोंडिबा हसले. वर्ष लांब होतं, भांडं फुकट होतं, आणि बायको रोज कानाशी लागत होती. "हां हां, उपसू की. त्यात काय," म्हणाले. तुम्ही त्यांच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलंत. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज जरा बारीक झाला होता.

मग आपलं दुसरं भांडण. खड्डा किती खोल? माझ्या नकाशात पुरुषभर. तुम्ही म्हणालात, इतका खोल नको, कमरेएवढा पुरे, पण रुंद घेऊ, आणि जमिनीच्या वर जोतं उचलून बांधू. "हा घाट हाय, बाई. हितं पावसात जमीन खालून पाझरते. खोल गेलाव की पानी लागनार." मी म्हटलं, नकाशा इंजिनियरने काढलाय. तुम्ही म्हणालात, "इंजिनेर कुठला?" मी म्हटलं, "मुंबईचा असावा." माझ्या नकाशाप्रमाणे, इंच-इंच मोजून, खड्डे पुरुषभर खोल बांधलेत. दगडांत मोजून फटी ठेवलेल्या, पाणी मातीत मुरायला. शेवटचा दगड बसवताना एवढंच म्हणालात, "कागद तुमचा, पाऊस आमचा."

आषाढात सगुणाबाई इरलं घेऊन धावत खाली आल्या. "बाय, कोंबडा बुडाला."

पाऊस असा की समोरची वाट दिसत नव्हती. तुम्ही त्या दिवशी योगायोगाने कापड्यात कुणाची भिंत बघायला आला होतात. आपण तिघं वर चढलो. खड्डे काठोकाठ भरले होते आणि भांड्यातून पाणी उलटं वर येत होतं. कोंडिबा ओसरीवर उभे राहून ते दृश्य मोठ्या समाधानाने बघत होते. वाडीतल्या सगळ्या बायका बघत होत्या, आणि मला वाटलं, संपलं. आता या डोंगरावर माझं कुणी कधी ऐकणार नाही.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी वाट बघत होते, 'मी म्हटलं नव्हतं का' असं ऐकण्याची. तुम्ही म्हणालात, "नकाशा आनलाव काय?"

"आहे. पिशवीत."

"मग डोक्यावर धरा. भिजताय."

आधी सगुणाबाई हसल्या. मग त्यांच्या मागच्या बायका. मग मीसुद्धा. धो धो पावसात, उलट्या वाहणाऱ्या संडासासमोर, आम्ही सगळ्याजणी हसत होतो आणि तुम्ही गंभीर चेहऱ्याने डोंगराचं पाणी कुठून येतंय ते न्याहाळत होतात. माझी लाज तुम्ही त्या हसण्यात कुठे बुडवलीत, मला कळलंही नाही.

दिवाळीनंतर तुम्ही ते सगळं उकलून पुन्हा बांधलंत, तुमच्या डोक्यातल्या नकाशाप्रमाणे. उथळ, रुंद, जमिनीवर गुडघाभर उचललेले. वरच्या अंगाला चर, म्हणजे डोंगराचं पाणी वळून बाजूने जाईल. झऱ्यापासून लांब, खालच्या उतारावर. आणि मग तुम्हाला नादच लागला. मोरीचं पाणी दारासमोर साचून चिखल व्हायचा, डुकरं लोळायची, डास. तुम्ही म्हणालात, संडासाचं केलं, मग सांडपाण्यानं काय पाप केलं? मोरीपासून एक पन्हळ काढलीत, वाटेत राख-खरकटं अडायला एक छोटं टाकं, आणि पुढे दगडगोट्यांनी भरलेला शोषखड्डा. त्याच्या कडेने सगुणाबाईंनी केळी आणि अळू लावलं.

ते अळू काय माजलं होतं. सुपाएवढी पानं. सगुणाबाईंनी वड्या केल्या, मला खाली पाठवल्या. कोंडिबांनी मात्र ताट सरकवलं. "मोरीच्या पान्यावरचं मी खानार नाय." सगुणाबाई म्हणाल्या, "बरं." दुसऱ्या दिवशी मोठ्या मुलाने बघितलं, तर बाप माजघरात भिंतीकडे तोंड करून वड्या खात होता. ही गोष्ट वाडीत दुपारपर्यंत सगळ्यांना माहीत झाली, आणि त्या आठवड्यात आणखी दोन घरांनी मेस्त्री कधी येणार असं मला विचारलं. माझ्या भाषणांनी जे झालं नाही ते चार वड्यांनी केलं.

आणि तुमच्याच घामाच्या त्या वाडीत, मेस्त्री, तुम्ही पाणीसुद्धा पीत नव्हतात. घरून बाटली आणायचात, भाकरी फडक्यात. चहा घ्या म्हटलं की "आताच घेतला" म्हणायचात. मी एकदा सगुणाबाईंच्या वळचणीला खोचलेली कान तुटलेली कपबशी बघितली तेव्हा मला कळलं की तुम्ही चहा 'आताच' का घेतलेला असायचा. मी तुम्हाला कधी बोलले नाही. तुम्हीही नाही.

पहिला खड्डा भरला, त्याला बोळा लागला, दुसरा चालू झाला. मग तो वर्षाचा मुक्काम. कॅलेंडरवर मी खूण केली होती. चैत्रात उघडायचा. तो चैत्र आला तसे कोंडिबा बदलले. त्यांची कंबर दुखायला लागली. मला दोनदा गोळ्या मागितल्या. आणि एका सकाळी कापड्याच्या बौद्धवाडीतल्या एका बाईने उपकेंद्रात सहज सांगितलं, "आमच्या मालकांना वरनं बोलावनं आलंय, काय खड्ड्याचं काम हाय म्हनं."

मी तुम्हाला निरोप धाडला. तुम्ही सकाळच्या गाडीने पोलादपूरला उतरून, तिथून चालत, कुणाशी न बोलता वर गेलात. मी मागून धापा टाकत. बोलावलेला माणूस अंगणाच्या कडेला फावडं घेऊन उभा होता. तुम्ही त्याच्या हातातून फावडं काढून घेतलंत, कोंडिबांच्या ओसरीला टेकवून ठेवलंत आणि त्याला म्हणालात, "तू बस. आज आपन बघायचं."

आणि तुम्ही खरंच बसलात. तुळशीच्या पलीकडे दगडावर. हाताची घडी घालून.

वाडी जमा झाली. कोंडिबा कंबर धरून उभे. "मेस्त्री, कंबर हाय ओ. नायतर मी काय..." माझी जीभ सळसळत होती, पण तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी गप्प बसले. ऊन चढत होतं. कुणी हलत नव्हतं. मला वाटत होतं, कोंडिबांनी नाही म्हटलं तर हा माणूस उठेल, पिशवी उचलेल आणि या डोंगरावर परत येणार नाही. आणि त्याचं बरोबर असेल.

तेवढ्यात सगुणाबाई घरातून बाहेर आल्या. लुगड्याचा काष्टा घट्ट केला, फावडं उचललं, घमेलं घेतलं. कोंडिबा म्हणाले, "तू कुठं चाललीस गो?"

त्या थांबल्या. "माझी पोर गेली तवा तीन दिस तिचं मीच काढलं. तवा हाताला काय झालं नाय. आता काय व्हनार हाय?"

मुलगी गेल्यापासून त्यांनी चारचौघांत तिचं नावही घेतलं नव्हतं, असं नंतर मला त्यांच्या जावेने सांगितलं. फरशी बाजूला झाली. त्या खड्ड्यात उतरल्या. उथळ होता, कमरेएवढा, तुमच्या हट्टाचा. फावड्याचा आवाज आला. कोरडा आवाज, मेस्त्री. तो आवाज ऐकल्यावर तुमच्या हाताची घडी सुटलेली मी बघितली.

घमेलं भरून त्यांनी काठावर ठेवलं. काळी, भुसभुशीत, पालापाचोळ्याच्या मातीसारखी माती. सगुणाबाईंनी मूठभर उचलली, नाकाशी नेली, आणि मग तीच मूठ कोंडिबांच्या नाकासमोर धरली. कोंडिबा मागे सरले, आणखी मागे सरले आणि गुरांच्या गव्हाणीत बसले. तिथे बांधलेल्या म्हशीने त्यांच्या डोक्यावरची टोपी चघळायला घेतली.

असं हसणं त्या वाडीने कधी ऐकलं नसेल. म्हातारी माणसं खांब धरून हसत होती. फावडं घेऊन आलेला तो कापड्याचा माणूसही हसत होता, तुम्ही तर डोळे पुसत होतात. आणि कोंडिबा, त्यांचं मला कौतुक वाटतं, म्हशीच्या तोंडातून टोपी ओढून घेऊन उठले, झटकून डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "वर ये, सगुना. मी करतो. कबूल केलंवतं." दुपारपर्यंत त्यांनी तो खड्डा रिकामा केला. कंबरेचं दुखणं परत निघालं नाही.

काम झाल्यावर सगुणाबाईंनी हातपाय धुऊन चहा टाकला. सगळ्यांना आला. तुम्हाला आणि त्या कापड्याच्या माणसालाही आला, घरातल्याच कपबशीत, ज्यातून कोंडिबा पीत होते तसल्याच. वळचणीची कपबशी मी शोधली, तिथे नव्हती. सगुणाबाई तुमच्यासमोर उभ्या राहिल्या. तुम्ही एक घोट घेतलात. सगळे बघत होते, मीही.

"साखर कमी हाय," तुम्ही म्हणालात.

सगुणाबाई आत गेल्या आणि डबाच घेऊन आल्या.

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते काय सांगू, तुम्हीच तर ती चालवलीत. कापडे, मग खालच्या वाड्या, मग घाटाच्या पायथ्याच्या चहाच्या टपरीवाल्यानेही ट्रकवाल्यांसाठी बांधून घेतला. कशेडीत दरड पडून गाड्या अडकल्या की तिथे रांग लागायची आणि टपरीवाला म्हणायचा, मेस्त्री, तुमच्यामुळे माझ्या भज्यांचा खप वाढला. तुम्ही जिथे जिथे गेलात तिथे अट तीच. तीनदा म्हणवून घ्यायचात. ज्याने चौथ्यांदा विचारलं की "पर मेस्त्री, कोनीतरी..." त्याचं काम तुम्ही घेतलं नाहीत. एका मोठ्या बागायतदाराला तुम्ही अर्धवट बसवलेल्या भांड्यासकट सोडून आलात. मला तेव्हा ते पटलं नव्हतं. मी म्हणायचे, मेस्त्री, आधी आजार थांबू दे, अट नंतर. तुम्ही म्हणायचात, अट नंतर कधी येत नसते, बाई. हा वाद आपण कशेडीपासून महाडापर्यंत प्रत्येक गाडीत घातला. तो अजून मिटलेला नाही. आजही मला वाटतं त्या बागायतदाराच्या गड्यांच्या पोरांचा काय दोष होता. पण आता माझ्यासमोर "असं कसं बाई" म्हणायला कुणी नाही, तर माझ्याच बाजूत मजा राहिलेली नाही.

खताला सोनखत म्हणतात हे कळल्यावर तुम्हाला झालेला आनंद मी विसरणार नाही. "म्हंजे माझ्या नावाचं खत. शाळेत नाव टाकलं तवा बापाला कुठं म्हायती होतं." भाताला ते घालावं की नुसतं झाडांना, यावरही आपलं जमलं नाही. मी झाडांना म्हणायचे. ते घातल्यावर लगडलेल्या सगुणाबाईंच्या आंब्याने तो वाद माझ्या बाजूने सोडवला, असं मी धरून चालते.

आता न बोललेलं. जिल्ह्याचे साहेब वरची वाडी बघायला आले होते, तेव्हा त्यांनी उचललेले उथळ खड्डे बघून विचारलं, ही कल्पना कोणाची? तुम्ही त्या दिवशी दासगावला होतात. मी तोंड उघडणार तेवढ्यात आमचे वरिष्ठ म्हणाले, आमच्या नर्सबाई फार हुशार आहेत. आणि मी गप्प बसले. अहवालात छापून आलं की स्थानिक परिस्थितीचा अभ्यास करून नर्सने नकाशात सुधारणा केली. माझा सत्कार झाला, नारळ मिळाला. त्या नारळाचं खोबरं मी तुम्हाला दिलं होतं आणि कशाचा नारळ ते सांगितलं नव्हतं. कितीदा सांगायचं मनात आणलं. प्रत्येक वेळी तुम्ही काहीतरी गंमत काढायचात आणि मी ती गंमत ऐकत राहायचे. हे कारण नाही, मला माहीत आहे.

परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला दासगावला आले. सगुणाबाई आणि कोंडिबा माझ्याबरोबर होते. विहारासमोर मांडव भरला होता. लोक तरी किती, मेस्त्री, त्या मांडवात अर्धा पोलादपूर तालुका होता. कुणीतरी म्हणालं, बाई, दोन शब्द बोला. मी उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. की ते खड्डे माझे नव्हते, सुधारणा माझी नव्हती, माझा तर बुडाला होता. जी शाबासकी मला मिळाली ती या माणसाची होती, आणि मी हे त्याला तोंडावर कधी सांगितलं नाही.

मग मागून सगुणाबाईंचा आवाज आला. "बाय, आमाला समद्यांना म्हायतीच हाय. त्यांनाबी म्हायती होतं. नारळाचं खोबरं आमालाबी दिलंवतं त्यांनी, हसतहसत. बसा खाली."

तुमच्या शोकसभेत लोक हसले, मेस्त्री. भिक्खूसुद्धा जरा हसले असावेत.

जेवणं झाल्यावर मी तुमच्या घरी टेकले आणि तुमच्या पारूवहिनींना विचारलं, बाथरूम कुठे. इतक्या वर्षांत मी तुमच्या घरी त्या पहिल्या दिवशीच तेवढी आले होते, तीही अंगणापर्यंत. दर वेळी तुम्हीच वर यायचात. वहिनी मला मागच्या दारी घेऊन गेल्या. केळी होत्या, अळू होतं, आणि जोत्यावर उचललेला संडास. पण खड्डे अगदी लहान, पोरांच्या खेळातले असावेत तसे.

"एवढे लहान का केले?"

"लवकर भरावेत म्हनून," वहिनी म्हणाल्या. "कोंडिबाचा दुसऱ्यांदा बांधायच्या आदी हितं बांधून बघितला. कोंडिबाचा अजून चालूच होता, तवा हितला भरून, वर्स काढून, उघडायला आला. मला म्हनाले, वाडीत कुनाला सांगू नको. मी लोकांना सांगतोय माती व्हते. मी सोता हात घातल्याशिवाय कुनाच्या बायकोला हे कसं सांगू?"

ज्या कामाला पोराचा हात लागू नये म्हणून बापाने काठी खाल्ली होती, त्याला तुम्ही हात घातला होतात, आपल्या घरचा, आपल्यासाठी, कुणी न सांगता. आणि त्या चैत्रात तुळशीमागच्या दगडावर हाताची घडी घालून बसलेल्या तुम्हाला फावड्याचा आवाज कसा येणार हे आधीच माहीत होतं. तरी तुम्ही वाट बघितलीत.

"घाबरलेवते," वहिनी सांगत होत्या. "उतरताना माझ्याकडं बघितलंन पन नाय. मी हितंच उबी. आतनं काय आवाजच येईना. मी म्हटलं, काय झालं ओ? तर मूठ वर करून दाखवली. म्हनाले, पारू, काय नाय गो. माती हाय. आनि आंगोळ करायच्या आदी हितंच काठावर बसून हसत बसले. किती वेळ हसले."

वहिनींनी बादली भरून आत ठेवली. मी आत गेले, कडी लावली आणि बराच वेळ बाहेर आले नाही. थोड्या वेळाने दारावर हलकी थाप पडली.

"बाई, पानी पुरलं ना?"

पुरलं, वहिनी, म्हटलं. पुरलं.